तरंगलेलं अंडं

"मारा भुताळीला!"

पहिला दगड आवडाबाईच्या डाव्या डोळ्यावर बसला. बोर्ली पंचतनजवळच्या आमच्या वाडीत, देवळासमोर पन्नास माणसं जमली होती. कोणी तिचे केस ओढत होतं, कोणी लाथा घालत होतं. मधोमध पितळी पातेल्याभोवती भगत घुमत होता.

"जिच्या नावानं अंडं तरंगलं ती पोरखाऊ! देवाचा अंगारा खोटं बोलत न्हाय!"

चार बायांच्या नावाने अंडं बुडालं होतं. मग भगताने पातेल्यात अंगाऱ्याच्या मुठीवर मुठी टाकल्या, ढवळलं, मेलेल्या पोरीच्या शेजारी राहणाऱ्या आवडाबाईचं नाव घेतलं आणि तेच अंडं वर आलं.

सर्वांत जाड काठी भागोजीच्या हातात होती. त्याची सहा वर्षांची केसर सोमवारी तापाने गेली होती. भागोजी माझा जुना विद्यार्थी. मी आवडाबाईच्या पुढ्यात शिरलो आणि त्याची काठी माझ्या खांद्यावर बसली. हाड वाजलं.

"गुरुजी, बाजूला व्हा!"

"होतो. आधी तुझं म्हणणं मला नीट कळलं का, सांग. हिने केसरला खाल्लं, पुरावा हे अंडं. बरोबर?"

"व्हय."

"अंडं खरं बोलतं, असं धरू. आता त्याच पाण्यात माझ्या नावाने टाक."

तरंगलं.

"मास्तर पन भुताळा!" कोणीतरी ओरडलं.

"असेन. आता भगताच्या नावाने टाक."

तरंगलं.

"देव कोपंल!" म्हणत भगत पातेलं ओतायला धावला. केसरची आई मैना आडवी आली. तिने पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकली.

"अवो, हे तर बियाण्याचं पानी!"

पेरणीआधी याच बाया पाण्यात अंडं तरंगेपर्यंत मीठ घालतात. मिठाने पाणी जड होतं, मग बियाण्यातलं पोकळ भातही वर येतं आणि काढून टाकता येतं. भगताच्या अंगाऱ्यात राख नावालाच होती, बाकी मीठ. विहिरीच्या ताज्या पाण्यात आवडाबाईच्या नावाने अंडं सरळ तळाला गेलं.

काठ्या भगतावर तुटून पडल्या. त्याचा जबडा फुटला. मी त्याच्याही पुढे उभा राहिलो.

"बास! त्याला पोलिसांकडे द्या. काठीने काही सिद्ध होत नाही."

भागोजीने काठी टाकली. "मग माझी केसर कशानं गेली?"

"ताप कसला होता, मला ठाऊक नाही. श्रीवर्धनच्या डॉक्टरला कळलं असतं. तीन दिवस तुम्ही अंगारा लावलात."

मुलांनो, हे आज वर्गात सांगतोय ते एवढ्यासाठी: कोणी काही ठासून सांगितलं, तर ते पुरतं ऐका. मग विचारा, हे खोटं असेल तर कसं ओळखायचं? पन्नास जणांत हे आधी कोणीच विचारलं नाही. माझ्या खांद्याचं हाड जुळलं. आवडाबाईचा डोळा गेला तो गेलाच.