धाकटीची पाटली

अठ्ठ्याण्णव सालच्या महालक्ष्म्या. पुरणाचं जेवण होऊन घर आडवं झालं होतं. सासूबाई मंदाबाई आडवं व्हायला जाताना बजावून गेल्या, "सूनबाई, देवींजवळ बस. समई सांभाळजो."

रीता पाच महिन्यांच्या गुंजनला मांडीवर घेऊन बसली. विसर्जनानंतरच्या सोमवारी तिला सावंगीच्या एका कॉलेजात, लायब्ररीत रुजू व्हायचं होतं. डिग्री लग्नानंतर पहिल्यांदाच कामी येणार होती. सासूबाई "सण होऊ दे, मग जा" एवढं तरी म्हणाल्या होत्या.

गुंजननं भोकाड पसरलं. खुळखुळा राहिला माडीवर. घर जागं होऊ नये म्हणून रीतानं धाकट्या महालक्ष्मीच्या पितळी हातातली सोन्याची पाटली काढून पोरीसमोर धरली. रडं थांबलं, पण पाटली लगेच तोंडाकडे निघाली. कड लागेल, हिरडी फाटेल... रीताला भीती सुचायला वेळ लागत नसे. तिनं पाटली झटकन आपल्याच हातात सरकवली.

गेली. निघेना.

साबण झाला, खोबरेल झालं. अंगठ्याखालचा फुगवटा लालबुंद झाला. संध्याकाळच्या आरतीला ती हात पदराखाली धरून उभी राहिली.

"काऊन वं, हाताले काय झालं?" मंदाबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई."

"धाकटीचा हात उघडा दिसून राह्यला मले. दाखव."

आता आभाळ कोसळणार, असं वाटून रीतानं सगळं सांगून टाकलं. मंदाबाईंचे मात्र डोळे भरून आले. "इतक्या वर्षांत कोणाच्या हातात नाई गेली वं. तुलेच घातली तिनं!"

हळदीकुंकवाला आलेल्या बाया तिच्या पाया पडू लागल्या. दुप्पट वयाच्या बाया. पाय कुठे लपवावेत तिला कळेना.

महालक्ष्म्यांचे मुखवटे पेटीत गेले. पाटली हातातच राहिली. रविवारी ती साडीला इस्त्री करत होती, तेव्हा मंदाबाई म्हणाल्या, "उद्याचं नाई जमत आता. देवीचं सोनं उंबरठा नाई ओलांडत. म्या बँकेच्या लॉकरात नाई जाऊ देलं कधी. पॉलिश कराले बी सोनार घरी येते."

"मग त्यालाच बोलवा. कापून देईल."

"सवाष्णीच्या हातावरलं सोनं कापतेत का वं? अन् तेही तिचं? माह्या लेकाच्या जिवावर उठली का तू?"

त्यांचा लेक, योगेंद्र, पेपरातून मान वर न करता म्हणाला, "हात बारीक झाला का निंघन आपोआप. लायब्ररी काही पळून नाई चालली."

बारीक. तेवढा एक शब्द रीतानं धरून ठेवला. कॉलेजनं महिनाअखेरपर्यंत थांबू म्हटलं होतं. एक पोळी कमी झाली, मग दोन. रोज सकाळी मोरीचं दार लावून ती पाटली ओढून पाही. आज केसभर सरकली, असं तिला रोजच वाटे.

हाताआधी आटलं ते दूध. गुंजन छातीला लागायची, ओढायची अन् चिडून तोंड फिरवायची.

मंदाबाईंच्या नजरेतून ताट सुटलं नव्हतंच. "अंगावरचं पोर हाय तुह्यं," म्हणत त्यांनी भातावर तुपाची धार धरली. रागानं नाही, मायेनंच. मांडीवरची गुंजन पाटलीवरून बोट फिरवत होती.

रीतानं भात कालवला.

"अजून देऊ?"

तिनं पोरीकडे पाहिलं आणि ताट पुढे सरकवलं. "वाढा, आई."