गोदाबाईंची सासू

लोधिवलीच्या शाळेत गोदाबाई तिसरीला शिकवायच्या. हळदीकुंकवाला बाया जमल्या की पदर कमरेला खोचून सासूची नक्कल करायच्या. सासू धोंडूबाई कोंबड्यांना शेजारणींच्या नावाने शिव्या घालायची, ती नक्कल बघून बाया हसून लोळायच्या. सासूला याचा पत्ता नव्हता. तिचे गुडघे दुखायचे, ती घराबाहेर क्वचितच पडायची.

एकोणऐंशी साली गोदाबाईंनी या सासूवरच अर्ध्या तासाची नाटिका लिहिली आणि मुंबईला टीव्ही केंद्रावर पाठवून दिली. तीन महिन्यांनी बोलावणं आलं.

सासूच्या कामासाठी शहरातली एक नावाजलेली नटी होती. तिने ‘नाय गं’ म्हटलं की पाहुणी बोलल्यासारखं वाटे. चार तालमी झाल्या, पण जमेना. शेवटी निर्मातीबाई वैतागून म्हणाल्या, “गोदाबाई, तुम्हीच एकदा करून दाखवा हिला.”

गोदाबाईंनी करून दाखवलं. नटी पोट धरून हसली आणि आपणच म्हणाली, “अहो, यांनाच करू द्या की!”

सासूचं काम गोदाबाईंनीच केलं. घरी मात्र कुणालाच काही सांगितलं नाही. पण नवऱ्याने, सहदेवने, वर्तमानपत्रातल्या टीव्हीच्या कार्यक्रमांत बायकोचं नाव वाचलं आणि त्या संध्याकाळी आईला बैलगाडीत बसवून थेट ग्रामपंचायतीत आणलं. गावातला एकुलता एक टीव्ही तिथे होता. गोदाबाई दाराशीच थिजल्या.

नाटिका सुरू झाली. गाव खदखदून हसत होतं. शेवटी सासूचा नवरा मरतो आणि ती ऊर बडवून रडते, तेव्हा बायांनी डोळ्यांना पदर लावले. धोंडूबाई मात्र हसली नाही की रडली नाही.

दोन दिवस ती सुनेशी बोललीच नाही. आता पुन्हा काही लिहायचं नाही, असं गोदाबाईंनी मनाशी ठरवूनही टाकलं.

तिसऱ्या दिवशी तांदूळ निवडता निवडता म्हातारी म्हणाली, “गोदे, त्ये रडनं खोटं हाय.”

“आत्याबाई, चुकलं माझं.”

“आगं, ऐक तर! तुजा सासरा गेला तवा मी रडले नाय. लावनी चालली व्हती. रोपं उपटून ठेवलेली, मानसं खोळंबलेली. मी त्याला जाळून आले नि दुसऱ्या दिशी चिखलात उतरले. चार दिस त्याला शिव्या घालत व्हते. लावनीच्या दिसांत कोन मरतं का रं, आं? म्हनलं, जरा थांबला आसतास तर काय बिगडलं आसतं तुजं?”

गोदाबाईंना हसू फुटलं, आणि हसता हसता रडूही.

“हे लिहू का मी, आत्याबाई?”

“लिव की. पन या टायमाला लुगडं जरा बरं नेस. त्या डब्यात मी भिकारीन दिसत व्हते.”

गोदाबाईंनी शाळेच्या वहीत ते जसंच्या तसं उतरवलं. निर्मातीबाईंनी वाचलं आणि एका नाटिकेऐवजी तेरा भागांची मालिका मागितली. गोदाबाई शेजारच्या चौक गावाहून एसटीने मुंबई गाठायच्या. प्रत्येक भाग आधी धोंडूबाईला वाचून दाखवायच्या. ती “ह्ये खोटं” म्हणाली की पान फाडायच्या. लावणीचा प्रसंग चित्रित झाला तेव्हा कॅमेरावाला आधी फिस्सकन हसला, मग मान खाली घालून नाक पुसत बसला.

पुढे गोदाबाईंनी शाळा सोडली. दुसऱ्यांच्या मालिकाही लिहिल्या, त्यांत आयांची, माम्यांची, एकदा तर महिला सरपंचाचीही कामं केली. गावोगावहून पत्रं येत. एकदा पालीच्या एका बाईने लिहिलं होतं, ‘आमच्या सासूबाईंचं तुम्हाला कुणी सांगितलं?’ गोदाबाईंनी ते पत्र मोठ्याने वाचून दाखवलं.

धोंडूबाई पटकन म्हणाली, “तिला म्हनावं, सासूला घेऊन ये हितं. आजून लई भाग लिवायचे हायत.”