तीन नंबरच्या चेंबरमधला सोलो

असोद्याच्या रस्त्याला पंडितभाऊंची केळी पिकवायची तीन चेंबर आहेत. दोनमध्ये केळी पिकतात. तिसऱ्यात त्यांचा धाकटा भाऊ प्रेमराज पिकत होता.

बी.कॉम., वय पंचेचाळिशीच्या पुढचं, केस बेताचे. अशा गृहस्थाने हेवी मेटल संगीतातला गिटारचा सोलो शिकायला घ्यावा, याला घरात कुणाची हरकत नव्हती. हरकत फक्त आवाजाला होती. चेंबरच्या भिंती हातभर जाड. आतला गारवा बाहेर येत नाही, तसा सोलोही येत नाही. म्हणून त्याच्या बायकोनेच, कोकिळानेच, त्याची तिथे रवानगी केली होती. "अहो, तिथे हवी तेवढी किंचाळू द्या तिला," ती म्हणाली. 'तिला' म्हणजे गिटारला.

गुरू मोबाइलमध्ये राहत. कमरेपर्यंत केस, अंगात लोकरी स्वेटर, मागच्या खिडकीत बर्फ पडतोय. ते म्हणत, मनगट सैल सोडा, आधी सावकाश वाजवा, वेग आपोआप येईल. प्रेमराजने पुष्कळ वाट पाहिली. वेग काही असोद्यापर्यंत पोचेना. तारा छेडायची चकती, म्हणजे पिक, सगळ्या तारांवरून एका दमात फिरवायची, त्याला स्वीप म्हणतात. प्रेमराजची पिक मधल्या तारेत अडकायची, एस.टी. फाटकाला अडकावी तशी.

मग एक दिवस त्याचं लक्ष गुरूंच्या बोटांवरून स्वेटरवर गेलं. त्याने चेंबर सोळा अंशांवर लावलं, कपाटातला स्वेटर काढला आणि पुन्हा सुरुवात केली. आठवड्याभरात बोटं पळायला लागली. सवयीने पळाली असतील, असं कुणीही म्हणेल. पण प्रेमराज केळीवाला होता. त्याने केळीवाल्याला शोभेल असा निष्कर्ष काढला: प्रत्येक वस्तूला पिकायला आपलं एक तापमान लागतं. मेटलचं सोळा.

मे महिना आला, माल वाढला आणि पंडितभाऊंना तिसरं चेंबर आठवलं.

"प्रेम्या, उद्यापासून तिथे क्रेट लागतील. तुझं ते यंत्र उचल."

"भाऊ, थोडे दिवस थांबा ना. स्वीप आत्ता कुठे बसून राह्यला."

"दोन नंबरच्या मालावर डाग पडले भो तुझ्यापायी. भिंतीपलीकडून."

"भिंतीतून आवाजच जात नाही."

"आवाज नाही जात. हादरा जातो."

या शास्त्रावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. तेवढ्यात पंडितभाऊंची मुलगी रूपा मध्ये पडली. तिचं लग्न धुळ्याला, मुलाकडच्यांच्या दारात व्हायचं होतं.

"आबा, माझ्या हळदीला काका वाजवणार. मी तिकडे सांगून बसलेय."

पंडितभाऊंचा चेहरा कच्च्या केळीसारखा झाला. नव्या व्याह्यांपुढे हे! पण लग्नाच्या मुलीला नाही म्हणता येत नाही; अट मात्र घालता येते.

"ठीक. एक जरी माणूस नाचला, तर तीन नंबर कायमचं तुझं. नाही नाचला, तर केळी. कबूल?"

खानदेशात हळदीला न नाचणारा माणूस शोधावा लागतो. "कबूल," प्रेमराज म्हणाला. चेंबर गेलं तर गिटारला घरी जागा नव्हती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

हळदीच्या दिवशी धुळ्यात संध्याकाळचे सहा वाजले तरी मंडप तव्यासारखा तापलेला. प्रेमराज ॲम्प जोडून उभा राहिला. रूपाने हळदीच्या हाताने टाळी वाजवली. त्याने पहिला स्वर छेडला आणि तो स्वर तिथल्या तिथे वितळला. सोळा अंशात ताणलेल्या तारा त्या उकाड्यात सैल पडत होत्या. लावल्या, पुन्हा उतरल्या. बोटांना घाम, पिक निसटून हळदीच्या वाटीत. ती धुऊन घेतली. मग स्वीप केला, तो पहिल्याच तारेवर बसला आणि उठला नाही.

प्रेमराज थांबला. व्याही सद्गृहस्थ होते. ते आपुलकीने म्हणाले, "झाली का माईकची तपासणी? मग लावा आता गाणं."

 पंडितभाऊंनी मनातल्या मनात तीन नंबरमध्ये क्रेट रचायला घेतलेले सगळ्यांना दिसत होते.

कोकिळा जवळ आली. "काय झालं हो? चेंबरमध्ये तर हात पंख्यासारखा फिरतो."

"इथे सोळा अंश कुठून आणू?"

"आपण आणलेत की," ती म्हणाली आणि तिने मंडपाच्या कडेला पाहिलं.

तिथे त्यांचा ड्रायव्हर जुनैद उभा होता आणि त्याच्यामागे त्यांची केळीची थंड गाडी. लग्नाचे आंबे, केळी घेऊन तो दुपारीच आला होता. माल उतरला होता, पण रात्रीचं श्रीखंड यायचं म्हणून गारवा चालू होता.

"जुनैद, मागचं दार उघड."

"काय ठेवायचं, प्रेमभाऊ?"

"मला."

मंडपातून वायर ओढली. प्रेमराज क्रेट उलटा घालून गाडीत बसला. कोकिळाने पिशवीतून स्वेटर काढून दिला. मे महिन्यात धुळ्याला जाताना तिने तो का घेतला होता, हे विचारू नये. त्याने दार लावून घेतलं. थोड्या वेळाने, तारा लागल्यावर, दोन्ही फळ्या सताड उघडल्या.

आधी धुरासारखा गारवा बाहेर आला. त्याच्या मागोमाग सोलो.

मुलाची आजी धुरपदाबाई जवळच बसल्या होत्या. त्यांनी तोंडावरचा पदर बाजूला केला. "अरे, बठ्ठा आठे या रे! आठे गार शे!"

बठ्ठे, म्हणजे सगळेच, आले. खुर्च्या आल्या, लेकरं आली, आचारी झारा घेऊन आला. प्रेमराज डोळे मिटून वाजवत होता. स्वीप या टोकाहून त्या टोकाला जात होता आणि वाटेत कुठेही फाटक लागत नव्हतं. बँडचा ढोलवाला लोटन जरा वेळ कानोसा घेत राहिला. त्यात ठेका कुठे आहे ते त्याला सापडेना, तेव्हा त्याने आपला पावरी नाचाचा ठेका धरला. पावरीचा ठेका पडला की खानदेशी माणसाचे पाय मालकाला विचारत नाहीत. धुरपदाबाई उठल्या. व्याही उठले. आचाऱ्याचा झारा हवेत गेला.

वाजवणं संपलं, तेव्हा पंडितभाऊंनी रूपाला गाठलं.

"हे मोजायचं नाही. लोक गारव्याला आले."

"आले गारव्याला, आबा. नाचले कशाला?"

"ते ढोलाला."

"आणि तुम्ही?"

"मी घाम पुसत होतो."

"दोन्ही हात वर करून?"

पंडितभाऊ श्रीखंड आलं का ते पाहायला गेले.

लग्न पार पडलं. पुढच्या आठवड्यात प्रेमराज तीन नंबरचं दार उघडून आत गेला. क्रेट नव्हते. फक्त एक होता, उलटा घातलेला, आणि त्यावर कानाला मफलर गुंडाळून पंडितभाऊ बसले होते.

"तो गाडीतला तुकडा वाजव," ते म्हणाले. "दोन नंबरच्या मालावर काय परिणाम होतो, तेवढं पाहायचंय."

प्रेमराजने गिटार लावली. पंडितभाऊंनी आधीच हात थोडे वर धरले होते. घाम अजून आला नव्हता.