सगुणाला समजावताना

“म्हणून बाण आत. केंद्राकडे. कळलं?” राहीने पेन कागदावर टेकवून विचारलं.

“कळला,” सगुणा म्हणाली आणि हातातल्या बांगडा माशाचं पोट साफ करू लागली.

“वळणावर गाडी बाहेर का फेकली जात नाही, तेही?”

“व्हय गो. चांगला सांगतंस तू.”

राही खूश झाली. तिने धड्यापुढे बरोबरची खूण केली आणि पान उलटलं. सगुणाला त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं. पण लेक एवढी जीव तोडून सांगते, तिला नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं?

तशी सगुणाची मान होकारार्थीच हलायची. लग्न ठरताना वडिलांनी ‘मुलगा मुंबईत आहे’ एवढंच सांगितलं, तेव्हाही ती कळलं म्हणाली होती. नवरा, आत्माराम, मुंबईहून फोनवर या वर्षी शिमग्याला का जमणार नाही ते सांगायचा, तेही तिला कळायचं. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या, बँकेतल्या बाईंनी सांगितलेला नियम, काजूच्या फॅक्टरीत सुपरवायझरने काढलेली नवी पद्धत, सगळं एका फटक्यात कळायचं. घरी येऊन मग ती शेजारच्या सोनूबाईला विचारायची. विचारलं नाही की माणूस शहाणं दिसतं आणि समोरच्याचा खोळंबा होत नाही, असा तिचा साधा हिशोब होता.

समजावून सांगायची ही कल्पना मूळची ज्ञानेश्वरी मॅडमची. त्या ज्युनिअर कॉलेजात बारावीला फिजिक्स शिकवत. राही गणितंसुद्धा पाठ करायची, अगदी उत्तरासकट. परीक्षेत आकडे बदलून आले तरी ती बिनदिक्कत पुस्तकातलंच उत्तर लिहून यायची. मॅडमनी कपाळाला हात लावला आणि सांगितलं, की पाठांतर बंद. रोजचा भाग घरी अशा माणसाला समजावून सांगायचा, ज्याला या विषयाचा गंधही नाही. त्याला कळलं तर तुला कळलं. असं माणूस शोधायला राहीला लांब जावं लागलं नाही.

तरीही सहामाहीत राही फिजिक्समध्ये नापास झाली. आत्मारामचा फोन आला. “आता पूर्वपरीक्षेत पण गेली तर पुरे झालं सायन्स. दादरच्या दुकानात तिच्या नोकरीचं सांगून ठेवलंय मी.”

राहीला एक्स-रे काढणारी व्हायचं होतं. लहानपणी हात मोडला तेव्हा डॉक्टरांनी उजेडासमोर धरलेलं स्वतःचंच हाड तिने बघितलं होतं आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही शिरलं नव्हतं. दुकानाचं ऐकून ती रडली नाही, आईकडे वळली.

“आये, तुला सगळं कळत होतं. मग मला कसं नाही आलं?”

सगुणाला कुठे तोंड लपवावं असं झालं. दुसऱ्या दिवशी फॅक्टरीतून लवकर सुटी घेऊन ती कॉलेजात गेली. ज्ञानेश्वरी मॅडम वयाने लहानच होत्या. त्यांनी खुर्ची दिली.

“राही घरी कुणाला समजावते?”

“मलाच.”

“तुम्हाला कळतं?”

“कळता की.”

“वळणावर गाडीला लागणारं बल कुठल्या दिशेला असतं?”

“आत,” सगुणा पटकन म्हणाली.

“का?”

सगुणाने पदर सारखा केला. मग चप्पल सारखी केली. मॅडम हसल्या नाहीत, याचं तिला फार बरं वाटलं.

“तुम्ही हो म्हणता ते मायेने,” त्या म्हणाल्या. “पण त्यामुळे तिचं कुठे चुकतंय ते तिलाच दिसत नाही. नाही कळलं तर नाही म्हणायचं. बाकी काही करू नका.”

काम एवढंसं. पण घरी जाईपर्यंत सगुणा ते मनात घोकत राहिली.

संध्याकाळी राहीने तोच धडा पुन्हा काढला. वर्तुळ आलं, गाडी आली, बाण आला. “कळलं?”

सवयीने ‘कळला’ ओठांवर आलंच होतं. सगुणाने ते गिळलं. “नाय कळला.”

राहीने तेच शब्द जरा मोठ्याने म्हटले.

“नाय.”

“आये, मुद्दाम करत्येस काय? तेव्हा कळत होतं ना?”

“तेव्हापण नाय कळला. कधीच नाय कळला.” आता बांध फुटलाच होता. “मालगुंडला जाताना आरेवाऱ्याच्या वळणावर यष्टी वळली की मी भायरच्या बाजूला जाऊन आपटते. खिडकीची सळई दंडात रुतता. तुजा बाण तर आत हाय. मग मला भायेर ढकलता कोण?”

“पुस्तकात आतच दिलाय,” राही म्हणाली.

“पुस्तक कदी यष्टीत बसला होता?”

राही पुढे वाकली. कागदावरच्या गाडीकडे बघत राहिली. तिने एक बाण बाहेरच्या दिशेने काढला, खोडला, पुन्हा काढला. भाताचं पाणी उतू गेलं तरी दोघींपैकी कोणी उठलं नाही. आपण पोरीला होतं नव्हतं तेही विसरायला लावलं, असं सगुणाला वाटू लागलं.

“थांब,” राही हळूच म्हणाली. “तुला बाहेर कोणीच ढकलत नाही. तू सरळच जात असतेस. वळते ती यष्टी. वळता वळता तिची बाजू तुझ्या अंगावर येते आणि तीच तुला आत रेटते. सळई दंडात रुतते ना, तो बाण. म्हणून आत.”

आता ती आईशी बोलत नव्हती. “आणि यष्टीला रस्ता रेटतो,” असं पुटपुटत ती कागद घेऊन आतल्या खोलीत गेली. आतून पेनाचा आवाज येत राहिला. सगुणाला अर्धं कळलं होतं, अर्धं नव्हतं, आणि ते तसंच राहिलं.

पूर्वपरीक्षेत राही पास झाली. काठावर नव्हे, चांगली झाली. निकालाच्या संध्याकाळी सगुणा आमटीला फोडणी देत असताना आत्मारामचा फोन आला. तिने आनंदाने सांगितलं. तो म्हणाला, बरं झालं.

“पण त्या दुकानवाल्याला मी शब्द देऊन बसलोय. बोर्डाची परीक्षा झाली की तिला आणून सोड. कळलं ना?”

सगुणाची मान सवयीने हलली. फोनवर ती कोणाला दिसणार नव्हती.

“नाय कळला,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“पोरीला येता हाय. मग दुकानात कशाला, ता नाय कळला. परत सांगा.”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच कळलं नव्हतं. तिकडे आत्माराम खाकरला आणि पहिल्यापासून सांगू लागला, की एक तर मुंबईतला खर्च, दुसरं म्हणजे दिलेला शब्द, आणि तिसरं म्हणजे... तिसऱ्याशी तो अडला.

“मग?” सगुणाने विचारलं, गॅस बारीक केला आणि ऐकत उभी राहिली.