श्वास ऐकू येतोय

बसस्थानकावर बोलणाऱ्या बाईला श्वास नसतो. म्हणजे असतो, पण तो प्रवाशांना ऐकू जाता कामा नये, हा त्या कामाचा पहिला नियम. "फलाट चारवर लागलेली गाडी" म्हणायचं, म्हणता म्हणता तोंड माइकपासून बोटभर वळवायचं, नाकानं गुपचूप हवा उचलायची आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढचं गाव सांगायचं. निवेदनाच्या खोलीत याला 'श्वास चोरणं' म्हणत. अख्खं आगार जिला आवाजवाली म्हणायचं, ती या चोरीत पक्की मुरलेली होती. खिसेकापूनं शिकवणी लावावी अशी.

या सफाईनंच तिचा घात केला. फुप्फुसं आतून सुकत चालली आणि वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागला नाही. जिन्यात ती कठडा धरून उभी राहिली की थोरली जाऊ म्हणायची, "कामाची वेळ झाली की हिला बरोब्बर धाप लागते!" एका डॉक्टरनं दमा म्हणून फवारा दिला. फवाऱ्यानं काही होईना, तेव्हा त्यानं मनाचा आजार ठरवला. स्वतःला कळत नाही ते रोग्याच्या डोक्यावर थापायचं, ही जुनी रीत. शेवटी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला. घोसाळं वाळून आत नुसती जाळी उरावी, तशी फुप्फुसं दिसत होती.

हजारो माणसांत एखाद्याला होणारा रोग. बरं करणारं औषध नाही. उशाशी ऑक्सिजनचं यंत्र असेल तर माणूस निदान झोपतो, चार पावलं चालतो. दमेकऱ्यांना सरकारी मदत होती, या रोग्यांना नव्हती, कारण हे मोजके. मोजक्यांची मतंही मोजकीच.

असे पाच-सहा जण दवाखान्यामागच्या खोलीत जमायचे. त्यात एक सुतारकाका होते. नाकात नळी, कानावर अजूनही पेन्सिल. ते म्हणायचे, "आपल्या रोगाचं नाव... सांगेपर्यंतच... माणूस खपतो. त्यापेक्षा... दमा बरा होता. दोन अक्षरांत... काम." सगळे हसायचे आणि मग हसल्याची शिक्षा म्हणून बराच वेळ खोकत बसायचे.

आरोग्य समितीनं त्यांचं म्हणणं ऐकायला बोलावलं, तेव्हा बोलायचं कुणी हा प्रश्नच नव्हता. सगळ्यांनी आवाजवालीकडे पाहिलं.

पण समितीवर निरनिराळ्या खात्यांचे अधिकारी होते आणि त्यांत तिच्या आगाराचा साहेबही होता. तिचा रोग आगारात कुणालाच ठाऊक नव्हता. कळला की माइक गेलाच. आणि माइकवरची बाई सोडली तर तिच्यात जावेनं नावं ठेवलेली एक दमेकरीणच उरत होती.

"मी बोलते," ती म्हणाली, "पण तुमची बाजू मांडणारी म्हणून. माझं नाव रोग्यांत घेऊ नका."

काकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "नाही घेणार, पोरी."

सभागृहात ती उभी राहिली आणि बोलली. काय बोलली! यंत्राविना रात्र कशी जाते, आंघोळ म्हणजे डोंगर कसा वाटतो, सगळं स्वच्छ, ठसठशीत, मोत्यासारखं. एकही श्वास कुणाच्या कानी पडला नाही. टाळ्या झाल्या. साहेब शेजारच्याला म्हणाला, "आमच्याच आगारातल्या."

अध्यक्ष खूश झाले. "वा बाई, ऐकतच राहावं! आता खुद्द रोग्यांपैकी कुणी बोलणार का?"

काका टेबलाला धरून उठले. "रात्री... झोपताना..."

"झोप लागत नाही. वय झालं की व्हायचंच, काका."

"तसं नव्हे... यंत्र..."

"यंत्रावर होता होय? कुठल्या कारखान्यात?"

कुणीतरी हसलं. काकांनी मान हलवली, बोट वर केलं, पण हवा आत येईना.

"बसा, दमलात," अध्यक्ष मायेनं म्हणाले आणि घड्याळाकडे बघत शेजाऱ्याकडे वळले. "दम्याच्याच मदतीत बसवू यांना. वेगळं कशाला?"

काका खाली बसले. जो बोलू शकतो तो आजारी वाटत नाही आणि जो आजारी आहे त्याचं वाक्य दुसराच संपवतो. आवाजवालीला हे त्या क्षणी लख्ख कळलं. आपण मघाशी काकांची बाजू मांडली नाही, त्यांचा रोगच पुसून टाकला, हेही कळलं. साहेब समोरच बसला होता. ती पुन्हा उठली आणि या वेळी तिनं श्वास चोरला नाही.

"काकांना... दमा नाही."

वाळक्या पाचोळ्यावरून कुणी पाय ओढत जावं, तसा आवाज माइकमधून सभागृहभर पसरला. लोकांना आधी कळेना तो कुठून येतोय.

"मलाही... दमा... नाही. मला... तोच..."

"म्हणजे तुम्हालासुद्धा..." अध्यक्षांनी सुरुवात केली.

तिनं हात वर केला. "वाक्य माझं आहे. मीच... संपवणार."

आणि तिनं ते संपवलं. फार वेळ लागला. माणसं खुर्च्यांत चुळबुळली, एका बाईनं पाण्याचा पेला पुढे केला आणि अवघडून मागे घेतला. साहेब नखं बघत बसला होता.

समितीनं विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. सुतारकाका त्या बैठकीपर्यंत टिकले नाहीत. यंत्रं मंजूर झाली, पण दवाखान्यात ठेवायला. ज्याला श्वास लागेल त्यानं चालत यावं.

साहेब मात्र तातडीनं हलला. "ताई, तुमची काळजी वाटते हो आम्हाला," तो म्हणाला. "आवाज चांगला आहे तोवर भरून ठेवू. मग तुम्ही खुशाल आराम करा."

ध्वनिमुद्रणाला एक तंत्रज्ञ आला. ती एकेक गाव सांगू लागली आणि मध्ये मध्ये सरळ, सगळ्यांसमोर श्वास घेऊ लागली. तिचा आवाज पडद्यावर डोंगररांगेसारखा उमटत होता. दोन डोंगरांमध्ये बुटक्या, खरबरीत टेकड्या दिसत होत्या.

"हे काय?" तिनं विचारलं.

"तुमचा श्वास. ऐकू येतोय. काढून टाकतो." त्यानं एक टेकडी निवडली, बटण दाबलं. ती जागा सपाट झाली.

"राहू दे तो."

"अहो ताई, लोकांना वाटेल माइक बिघडलाय!" तो हसत म्हणाला आणि पुढची टेकडीही सपाट केली. मग त्याच्या पुढची.

ती पाहत राहिली. मग तिनं पिशवी उचलली.

"फलाट पाचच्या पुढचं राहिलंय की!"

"राहिलं," ती म्हणाली आणि निघून गेली.

आता पाचव्या फलाटापर्यंत तिचा निर्मळ, बिनश्वासाचा आवाज घुमतो. त्यापुढच्या गाड्या न सांगताच सुटतात. सामान घेतलेली माणसं त्यांच्यामागे धावतात, छाती धरून मध्येच थांबतात आणि म्हणतात, "मेली कुठं ती बाई?"