लाजरीची पाच अंडी

ताई ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाल्या, पण दुसऱ्यांना गप्प बसवायची हौस काही सुटली नाही. आता त्या दलदलीच्या काठावर बसून बेडकांवरही डोळे वटारत. निमित्त होतं लाजरीचं. पाणकोंबडीच्या गोतातला हा तपकिरी पक्षी एके काळी इथे पावलोपावली दिसायचा. यंदा सगळ्या पाणथळीत एकच घरटं उरलं होतं, आणि त्यात पाच अंडी. पाणी आटलं तर कुत्री थेट घरट्यापर्यंत चालत जाणार, एकदम चढलं तर अंडी बुडणार. म्हणून रोज सकाळी कालव्याच्या गेटचं चाक एकच फेरा फिरवायचं, असं ताईंनी गेट सांभाळणाऱ्या धाकट्या भावाला बजावलं होतं.

"तुझ्या कोंबडीपायी मला चाकाला जुंपलंयस," तो कुरकुरायचा. पक्ष्यांशी आपलं काही देणंघेणं नाही, हे तो दिवसातून चारदा तरी ऐकवी.

एका सकाळी लाजरी चरायला गेलेली बघून ताई पाण्यात उतरल्या आणि घरट्याशेजारी काठी रोवून आल्या. पांढरीशुभ्र काठी, तिच्यावर बोटाबोटावर आकडे, आणि सवयीनं वर एक चिठ्ठीही डकवलेली. पाणी किती चढलं ते आता काठावरून वाचता येणार होतं. ताई स्वतःवर बेहद्द खूश झाल्या.

तासाभरानं भाऊ तरातरा आला.

"ताई, ती बसली नाहीये!"

"कोण?"

"लाजरी! सव्वासहाला उठते, साडेसहाला परत बसते. आज सात वाजून गेले. अंडी गार पडतील ना!"

"तिच्या वेळा तुला काय माहीत?"

भाऊ कानापर्यंत लाल झाला. "नजर जाते कधीकधी."

ताईंनी दुर्बीण लावली. लाजरी गवताच्या कडेला मान ताणून काठीकडे बघत होती. दोन पावलं पुढे येई, बिचके, मागे सरे. येणाऱ्याजाणाऱ्याला 'घरट्याजवळ जाऊ नका' म्हणून दटावणाऱ्या बाईनं स्वतःच तिथे पाटी लावून ठेवली होती!

त्या दुर्बिणीलाच चिकटून राहिल्या. शेवटी भावानंच इस्त्रीची पँट दुमडली, पाण्यात शिरून काठी उपटून आणली. मग दोघं झुडपाआड दबा धरून बसली.

"आता पाणी मोजायचं कशानं?" ताई पुटपुटल्या.

"पाणी चढलं की ती आपली आपण घरट्यात गवत भरते. तिचं काम बघून मी चाक फिरवतो. काल अर्धाच फेरा दिला होता."

एरवी ताईंनी त्याला फाडून खाल्लं असतं. पण तेवढ्यात लाजरी आली, चोचीनं अंडी सारखी केली आणि बसली.

ताईंना रडू फुटलं. "माझ्याच हातून गेली असती रे पाचही."

"गेली नाहीत ना? मग झालं तर. उद्या गेटवर ये, तिला कसं बघायचं ते दाखवतो."

"किती वाजता येऊ?" धाकट्याला असं विचारायची ताईंची ही पहिलीच वेळ.

"सहाला. आणि तुझी दुर्बीण आण. माझी मी कुणाला देत नाही."