पत्रिकेतला प्रेमसिंग

हट्ट्याच्या जळबा लाइनमननं लेकीच्या लग्नाच्या पत्रिकेत सत्तेचाळीस नावं बसवली होती. ज्यांनी जन्मात दुसऱ्याच्या मांडवात पाण्याचा जग उचलला नाही, ते व्यवस्थापक झाले. दोन महिन्यांचं एक लेकरू स्वागतोत्सुक झालं. नव्हतं ते एकच नाव, जळबाच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचं, भागूबाईचं.

अकरा वर्षांपूर्वी भागूबाईच्या पोराच्या पत्रिकेत जळबाचं नाव चुलत भावाच्या खाली छापलं गेलं होतं. सख्खा मामा खाली आणि चुलत वर! जळबा त्या लग्नाला गेला नाहीच, पण शिरड शहापूरला बहिणीकडे शिकायला ठेवलेली आकांक्षासुद्धा त्यानं त्याच आठवड्यात घरी आणली. तिची दहावी नुकतीच झाली होती म्हणून बरं. आई गेल्यावर पाचवीपासून आत्यानंच तिला वाढवलं होतं. भागूबाईनं नंतर दोनदा निरोप पाठवले. यानं एकालाही उत्तर दिलं नाही. लाइनमननं कनेक्शन तोडलं ते तोडलंच.

आकांक्षा आता गावातल्याच शाळेत इंग्रजी शिकवायची. आत्याचं नाव नसलेली पत्रिका वाटायची तिला शरम वाटत होती. बापाला समजावून झालं, दोन दिवस रुसून झालं, काही उपयोग झाला नाही. जळबानं कच्ची प्रत चष्मा लावून तपासली, सही केली आणि पोरीलाच वसमतला प्रेसवर पाठवलं. सशाला गाजरं राखायला बसवावं तसंच हे झालं.

"चाचा, आत्याचं नाव चुकून पडू द्या की," आकांक्षा जमीलचाचांना म्हणाली.

जमीलचाचा तीस वर्षं पत्रिका छापत होते. त्यांच्याकडे नवी पत्रिका कधीच कोऱ्या पानावर तयार व्हायची नाही. कॉम्प्युटरवर जुन्या कुणाच्या तरी पत्रिकेची फाइल उघडायची, त्यांची नावं पुसायची, यांची टाकायची. घाईत एखादा परका माणूस आत राहून जायचा, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं.

"बेटा, एकटं आत्याचंच नाव पडलं तर तुझा बाप मला बराबर पकडंल," चाचा म्हणाले. "त्याला जोडीदार पायजे." आणि साखरा गावच्या एका जुन्या पत्रिकेतलं एक नाव त्यांनी तिथंच राहू दिलं. चौथ्या ओळीत पाठोपाठ दोन नावं आली, 'श्रीमती भागूबाई, शिरड शहापूर' आणि 'श्री. प्रेमसिंग राठोड, साखरा'.

दोनशे पत्रिका वाटून झाल्यावर जळबाच्या लक्षात आलं. त्यालाही कारण हे की स्वतःची पत्रिका चहाबरोबर वाचायची त्याला सवय लागली होती. त्यानं आधी जमीलचाचांच्या सात पिढ्या काढल्या, मग उरलेला गठ्ठा पुढ्यात ओढला आणि काळा मार्कर उघडला. आकांक्षा समोरच नववीच्या वह्या तपासत बसली होती.

"बाबा, खोडून काय दिसंल ते? पाहुना लगेच इचारंल की इथं कोन व्हतं."

"मंग ठिऊ का हे दोन खुळे खुंट? ना बोलायचे, ना कामाचे."

"इंग्रजांनी ठिवले की." आकांक्षानं वही फिरवून त्याच्यापुढं धरली. "हा डाउट शब्द बगा. यातला 'बी' नुसता लिवायचा, कुनीच बोलत न्हाई. आधी तो नव्हताच. शब्द फ्रेंचांकडून आला तवा साधासुधा व्हता. मंग तिथल्या पंडितांना लॅटिनचं याड लागलं. लॅटिन म्हंजे त्यांच्या लेखी लई मोठं घराणं. त्या घरच्या मूळ शब्दात हा 'बी' व्हता, म्हनून यांनी हितं आनून बसवला. आमच्या शब्दाचं खानदान कळाय पायजे म्हने."

जळबाला खानदानाचा विषय आवडायचा. मार्कर हातातच राहिला. "मंजे पत्रिकेत नाव टाकल्यावानीच झालं."

"व्हय ना. निम्मी इंग्रजी त्याच घरची उचललेली. व्याकरनाचे नियम बी तिकडूनच आनले, बसत नव्हते तरी ठोकून बसवले."

"अन् समद्यांचं नातं खरं निघालं?"

"न्हाई तर! आयलंड शब्दात न बोलायचा 'यस' हाय ना, तो नुसता चुकून घुसला. त्या शब्दाचं लॅटिनशी काहीच नातं नव्हतं. पंडितांना वाटलं असंल म्हनून घातला. पुढं चूक कळली, पन तवर समद्यांना सवय झाली व्हती. कुनी काढला न्हाई. चारशे वर्सं झाली, बसलाय."

जळबानं पत्रिकेकडं बघितलं. "मंजे हा साखऱ्याचा प्रेमसिंग 'यस' हाय," तो म्हणाला. "अन् अक्का..." त्यानं मार्करचं टोक प्रेमसिंगवर टेकवलं. परक्यापासून सुरुवात करणं सोपं होतं.

तेवढ्यात फोन वाजला.

"जयभीम जळबाभाऊ! साखऱ्याहून प्रेमसिंग बोलून राहिलो. सेनगावच्या एका गुरुजींनी पत्रिकेचा फोटो पाठवला. माझं नाव टाकलं तुमी! वळख ना पाळख, तरी नाव! घरी समद्यांना दाखवलं भाऊ. आता सांगा, मांडवात मी कोनतं काम पाहू? जेवनाच्या पंगती माझ्याकडं द्या. मी चार मानसं घेऊन आदल्या दिशीच येतो."

पत्रिकेतल्या नावावरून माणूस किती दुखावतो, हे त्याच्याइतकं त्या जिल्ह्यात कुणालाच कळत नव्हतं. "या, या," तो कसाबसा म्हणाला. "पंगती तुमच्याकडंच."

फोन ठेवून त्यानं मार्करला टोपण लावलं. साखऱ्याचा अनोळखी माणूस पंगत वाढणार आणि त्याच्या शेजारचं सख्ख्या बहिणीचं नाव काळं करायचं, हे त्याच्याच्यानं होईना. वर आणखी एक अडचण होती. पत्रिकेत ज्याचं नाव छापलं, त्याला ती हातात नेऊन द्यावी लागते. ही रीत जळबानं सगळ्या भावकीला अकरा वर्षं ऐकवली होती.

"परवा रविवारी गाडीत पेट्रोल टाक," तो भिंतीकडं बघत म्हणाला. "शिरडला जाऊन येऊ. रीत हाय म्हनून."

भागूबाई ओट्यावर तुरी पाखडत होती. भावाला पाहून तिचं सूप हातातच थांबलं. जळबानं पत्रिका पुढं केली. भागूबाईनं हात पदराला पुसून ती घेतली, उलटीसुलटी केली आणि परत त्याच्याकडं दिली.

"मला कुटं वाचता येतंय, बापू. तूच वाच."

जळबानं चष्मा चढवला, घसा साफ केला. "आपले नम्र," तो वाचू लागला, "श्रीमती भागूबाई, शिरड शहापूर." मग वाडवडलांपासून थेट दोन महिन्यांच्या लेकरापर्यंत सगळे आले. चौथी ओळ आली तेव्हा त्यानं एकट्या प्रेमसिंगला वाचलं आणि पुढं गेला.

भागूबाईच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळत होतं. "पुन्ना वाच," ती म्हणाली. "सुरवातीपासून."

त्यानं पुन्हा सुरुवातीपासून वाचलं, पुन्हा तिच्याच नावापासून.

मागं उभी असलेली आकांक्षा त्याच्या खांद्यावरून पत्रिकेतली चौथी ओळ बघत होती. कुणी एक शब्द चुकीचा वाचला तरी पोरांना अर्ध्यात थांबवणारी ती बाई या वेळी काहीच बोलली नाही.